वाऱ्याच्या तोंडी

निफाडहून आत्या आली की आमच्या घरातल्या थंडीचा अपमान होतो.

एरवी जानेवारीत आमचं बरं चाललेलं असतं. सकाळी फिरायला निघालेली मंडळी एकमेकांना 'काय गारठा आहे!' म्हणतात, आणि म्हणताना चेहरा असा करतात की जणू सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडून त्यांनीच तो मंजूर करून आणलाय. पुणेकराला पुण्यातल्या झाडून सगळ्या गोष्टींचा अभिमान असतो. थंडीनंच काय घोडं मारलंय? १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता, ही हकिगत आमच्या इमारतीतले एक आजोबा दर हिवाळ्यात सांगतात. त्या पहाटे हातात कंदील घेऊन ते स्वतः पाऱ्याशेजारी उभे होते, असं वाटावं इतकं बारकाईनं सांगतात. त्यांचा जन्म त्यानंतरचा आहे, पण तो मुद्दा कुणी काढत नाही.

मुंबईचे पाहुणे आले की आमची थंडी आणखी फुलते. मुंबईचा नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२चा. त्यानंतर त्या शहराला पुन्हा तेवढं जमलेलं नाही. तिथे पारा सोळावर आला की डांबराच्या गोळ्यांचा वास लेवून सगळे स्वेटर लोकलच्या प्रवासाला निघतात. अशा पाहुण्यांसाठी आम्ही रात्री खिडकी मुद्दाम किलकिली ठेवतो. सकाळी त्यांनी 'बाप रे' म्हटलं की पाहुणचार पावला.

पण आत्या निफाडची. 'राज्यात सर्वात कमी तापमान' या ओळीपुढे हिवाळ्यात ज्या गावाचं नाव पुन्हापुन्हा छापून येतं, ते हे निफाड. तिथल्या कुंदेवाडीत गहू संशोधन केंद्र आहे, त्या केंद्रातला आकडा आत्या नातवंडांच्या मार्कांसारखा पाठ ठेवते. परवा तिनं विचारलं, "तुमच्याकडे काल किती होतं रे?"

"दहा," मी जरा छाती काढून म्हणालो.

"हं," आत्या म्हणाली. "आमच्याकडे एवढी दुपारी असते."

हे खरं नाही, हे मलाही कळतं आणि तिलाही. पण पंचाहत्तरीच्या आत्याशी पुरावे मागून वाद घालायचा नसतो. मी मुकाट्यानं खिडकी लावून घेतली.

आत्याला पहाटेची नाशिकची गाडी गाठायची होती. आदल्या रात्री सगळं ठरलं होतं. साडेचारला मोबाइलवरून गाडी बोलवायची, आत्याला मागच्या सीटवर बसवायचं, पिशव्या पायांशी ठेवायच्या आणि काचा वर करून वाकडेवाडीच्या स्टँडवर जायचं. साडेचारला मोबाइलच्या नकाशावर एक इवलीशी गाडी उगवली, जागच्या जागी दोन प्रदक्षिणा घालून मावळली. दुसरी उगवली, तीही मावळली. त्या चालकांना मी दोष देत नाही. पांघरुणातून हात बाहेर काढून त्यांनी नकाराचं बटण दाबलं, तेवढंही त्या थंडीत कौतुकाचंच होतं.

"तुझी स्कूटर आहे ना खाली?" आत्यानं विचारलं.

"आत्या, या थंडीत? स्कूटरवर?"

"कुठाय थंडी?" म्हणत तिनं पदर कानांवरून घेतला, त्यावर शाल लपेटली, शालीवर माझी माकडटोपी चढवली आणि पिशवी उचलली. मग माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. मी बनियन, शर्ट, स्वेटर, जॅकेट, मफलर आणि हेल्मेट असा साधारण गिर्यारोहण संस्थेच्या बोधचिन्हासारखा उभा होतो. (पुणेकर हेल्मेट घालतो तो कायद्याला भिऊन नव्हे, जानेवारीला भिऊन. मार्चपासून त्याची तत्त्वं पुन्हा जागी होतात.)

"पेपर कुठाय?"

"अजून यायचाय. पाच वाजून जातात."

"कालचा चालेल."

तिनं रद्दीतून कालचा पेपर घेतला, चार घड्या घातल्या, माझ्या जॅकेटची चेन खाली ओढली, स्वेटर वर केला आणि पेपर शर्टावरून छातीशी सरकवून दिला. मी पंचावन्न वर्षांचा आहे, माझ्या हाताखाली अकरा माणसं काम करतात. अशा माणसाचा स्वेटर वर करण्याचा अधिकार जगात आता फार थोड्या लोकांकडे उरलाय.

"स्वेटरला भोकं असतात," ती म्हणाली. "पेपरला नसतात. आमची आई तुझ्या बाबाच्या सदऱ्यात असाच घालायची. चार मैल सायकल हाणत जायचा शाळेत."

खाली आलो तर वारा नावालाही नव्हता. फाटकापाशी पिंपळ आहे. पिंपळाचं पान कुणी नुसतं बघितलं तरी हलतं म्हणतात, पण तोही ठार झोपला होता. आकाश स्वच्छ होतं, चांदण्या हात वर केला तर लागतील अशा. हिवाळ्यातल्या खऱ्या गार रात्री अशाच असतात. ढगांचं पांघरूण नसलं की दिवसभराची ऊब जमीन सरळ आभाळाला देऊन टाकते, तिच्यालगतची हवा गार होते आणि जड होऊन तिथेच बसून राहते. वारा सुटला तर वरची हवा खाली, खालची वर अशी घुसळण होते आणि थंडीची बैठक मोडते. म्हणजे थंडीला नीट बैठक मारायची तर वारा पडलेला हवा. आणि माणसाला नीट थंडी वाजायची तर वारा सुटलेला हवा. या दोघांची गाठ सहसा पडत नाही, ही निसर्गानं आपल्यावर केलेली मेहेरबानी. पण माणसानं स्कूटरचा शोध लावला.

कोथरूडमधून कर्वे रस्त्याला लागेपर्यंत मी वेग धरला आणि वारा सुरू झाला. आधी तो पँटच्या पायांतून शिरला आणि नडग्या चाचपून गेला. मग बाहीच्या तोंडातून कोपरापर्यंत आला. हेल्मेटची काच खाली घेतली की माझ्याच श्वासानं तिच्यावर धुकं धरायचं आणि पुढचा रस्ता आठवणीनं ओळखावा लागायचा. काच वर केली की डोळ्यांतून पाणी. त्या पाण्याच्या धारा पुढे न येता कानांकडे धावत होत्या. नाक आहे की घरीच राहिलं, याची खात्री करावी तर हात मोकळा नव्हता. बोटांचं तर काय सांगावं! ब्रेकवर चार बोटं होती, त्यांतली दोन माझी वाटत होती, दोन दुसऱ्या कुणाची तरी.

नळस्टॉपच्या अलीकडे एका चौकात दिवा लाल झाला म्हणून थांबलो आणि थंडी एकदम ओसरली. मी चक्रावून इकडेतिकडे पाहिलं. दुकानावरचा कापडी फलक सरळ लोंबत होता. चहाच्या टपरीतून येणारी वाफ सुतासारखी वर चालली होती. वारा कुठेच नव्हता. दिवा हिरवा झाला, मी निघालो, वारा निघाला. पुढच्या चौकात मी थांबलो, वारा थांबला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात, आणि त्यातल्या निदान पस्तीस वर्षांच्या दुचाकीच्या कारकिर्दीत, मला पहिल्यांदा उमगलं की ज्याच्या नावानं मी इतकी वर्षं 'हू हू' करत आलो तो वारा माझ्याच घरचा. सगळ्या शहरात त्या घडीला एकच बोचरा वारा वाहत होता, त्याची रुंदी माझ्या खांद्यांएवढी आणि त्याचा मालक मी.

याचं शास्त्रही आहे. आपण सगळेच अंगाभोवती कोमट हवेचं एक झिरझिरीत अस्तर घेऊन वावरत असतो. अंगच ते तापवतं. वारा येतो आणि ते अस्तर उडवून नेतो. अंग बिचारं पुन्हा नवं तापवायला घेतं, वारा तेही नेतो. लग्नघरात आचारी पुऱ्या तळतोय आणि पंगत त्या कढईतून निघता निघताच संपवतेय, तसा हा प्रकार. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४०च्या सुमारास अंटार्क्टिकावर ही लूट मोजली. वाऱ्यात पाण्याची एक नळकांडी टांगायची आणि ती गोठायला किती वेळ लागतो ते पाहत बसायचं. पण माणूस म्हणजे काही नळकांडी नव्हे. म्हणून २००१मध्ये अमेरिका आणि कॅनडानं हिशेब नव्यानं मांडला, तेव्हा खरी माणसं वाऱ्याच्या झोतापुढे चालवून त्यांच्या चेहऱ्यांवरून आकडे घेतले. त्या सूत्रात दहा अंश थंडी आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा घातला तर उघड्या चेहऱ्याला सहा अंशांसारखं वाटतं, असं उत्तर येतं. ताशी ४० म्हणजे नेमका माझ्या स्कूटरचा वेग. दहातले चार अंश मी स्वतःच्या हातानं, पेट्रोल जाळून कमी करत होतो.

डेक्कनपाशी नदीकडून गारव्याचा एक लोट आला आणि मी मोठ्यांदा 'अग आई गं' म्हणालो. जड झालेली थंड हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि नदीच्या, ओढ्याच्या पात्रात तुंबून राहते. गावाकडे पहाटे मोटारसायकलवरून जाताना ओढ्याचा पूल आला की जी अचानक हुडहुडी भरते ती हीच. भुताखेताचा संबंध नसतो, निदान प्रत्येक वेळी नसतो.

"काय झालं रे?" मागून आत्या.

"थंडी वाजतेय. तुला नाही वाजत?"

"नाही बाई," आत्या म्हणाली. "छान हवा आहे."

तिचा आवाज पुण्याला टोमणा मारण्याचा नव्हता. साधा, झोपाळू, उबदार आवाज होता. माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकलं होतं, म्हणजे माकडटोपीचा गोंडा. आणि तेवढ्यापुरती माझी पाठही उबदार होती. पुढून मी शिळ्या पोळीसारखा गार आणि मागून तव्यावरून नुकता उतरवलेला. तिला खरंच थंडी वाजत नव्हती. ती निफाडची होती म्हणून नव्हे. वाऱ्याच्या तोंडी मी होतो म्हणून.

आणि जंगली महाराज रस्त्यावर मला एकदम बाबांची पाठ आठवली.

लहानपणी मी स्कूटरवर पुढे उभा राहायचो, दोन्ही हातांनी आरसे धरून, तोंड उघडं टाकून. वारा प्यालेलं वासरू कसं दिसतं ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी तेव्हाचा मी बघायला हवा होता. पुढे उंची वाढली, बाबांना समोरचं दिसेना, तेव्हा माझी बदली मागच्या सीटवर झाली. त्या काळी डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत रात्रभर चालायचा. शाली, ब्लँकेटं, थर्मास घेऊन माणसं बसायची आणि शेवटचं गाणं उजाडता उजाडता संपायचं. बाबा मला एकदा घेऊन गेले. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. थर्मासातली कॉफी मिळायची म्हणून मी गेलो आणि बराचसा झोपलो. परतताना मात्र जागा होतो. बाबांच्या स्वेटरच्या पाठीवर गाल टेकवून बसलो होतो. त्या पाठीतून भैरवी ऐकू येत होती. कानानं नव्हे, गालानं. त्या पहाटे वारा होता असं मला आजपर्यंत आठवत नव्हतं.

घरी पोचल्यावर दारात बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "उघड. मोठा झालास आता," म्हणाले. कुलूप उघडण्याचा तो माझा पहिला मान. कित्येक दिवस मी त्या मानाच्या जोरावर ताठ चाललो. बाबा बोटं काखेत धरून उभे होते, हेही मला दिसलं होतं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे डोक्यात शिरायला मला ही पहाट उजाडावी लागली.

वाकडेवाडीला पोचलो तर स्टँडबाहेर रिक्षावाल्यांनी शेकोटी केली होती. शेकोटी ही आपल्याकडची खरी लोकशाही. तिथे ओळखीची गरज नसते. तुम्ही फक्त तळवे पुढे करायचे, डावीउजवीकडची माणसं आपोआप सरकतात. मी तळवे पुढे केले, बोटं एकेक करून माझ्याकडे परत आली. आत्यानं मात्र तळवे पुढे करण्याआधी शेकोटीत काय जळतंय ते पाहिलं.

"आमच्याकडे या दिवसांत बागेत करतात," ती म्हणाली. "द्राक्षाला सोसत नाही ना. पारा फार खाली गेला की मणी फुगायचे थांबतात, तडकतात. मग पहाटे उठायचं, बागेच्या बांधाला शेकोट्या लावायच्या, धूर करायचा, विहिरीचं पाणी सोडायचं. ते कोमट असतं."

"आणि थंडी पडली नाही तर?"

"तर शेजारचा गहू रुसतो. त्याला थंडी पाहिजे." ती हसली. "तुझे काका देवापुढे उभे राहायचे आणि काय मागावं तेच कळायचं नाही त्यांना. गव्हाला पडू दे म्हणावं तर द्राक्ष ऐकतंय, द्राक्षासाठी थांबव म्हणावं तर गहू ऐकतोय."

"मग काय मागायचे?"

"काय मागणार? हात जोडायचे आणि काड्यापेटी घेऊन बागेत जायचे."

गाडी लागली. मी पिशव्या चढवल्या, खिडकीजवळची जागा पकडून दिली. आत्यानं माकडटोपी काढून माझ्या हातात ठेवली, मग परत घेतली. "राहू दे माझ्याकडे. नाशिकपर्यंत खिडकीतून वारा येतो," म्हणाली. 'कुठाय थंडी'वाल्या आत्यानं पुण्याच्या थंडीला दिलेली ही एवढीच पावती. मी ती जपून ठेवलीय.

परत निघालो आणि पहिल्या शंभर पावलांतच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पिशवी राहिली? पाकीट पडलं? मग लक्षात आलं, पाठ. आता वारा पाठीलाही लागत होता. वारा समोरूनच येत होता, पण खांद्यांवरून वळून मागे शिरत होता आणि त्याला अडवायला मागे कुणी नव्हतं. 'कुणीतरी पाठीशी असावं लागतं' हे वाक्य मी आजवर सत्कार समारंभांत आणि शोकसभांत पुष्कळदा ऐकलंय. त्याचा अर्थ इतका शब्दशः असेल अशी कल्पना नव्हती.

येताना सिमला ऑफिसचा चौक लागतो. पुण्यात हे नाव कुठून आलं, असं परगावचे लोक विचारतात. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि येताना, चांगल्या सुनेसारखं, माहेरचं नाव घेऊन आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. पेपरात पुण्याची म्हणून जी थंडी छापतात तिचा आकडा याच परिसरातल्या वेधशाळेचा. तापमापक तिथे एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. ऊन लागू नये, पाऊस लागू नये, हवा मात्र खेळती राहावी, अशी त्याची बडदास्त असते. 'स्टीव्हन्सन पेटी' म्हणतात तिला. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सननं ती काढली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुईचे ते वडील.

चौकात दिवा लाल होता. मी थांबलो, माझा वारा थांबला. त्या पेटीतल्या पाऱ्याचा मला जरा हेवा वाटला. त्याच्यापुढून मी ताशी ४०नं गेलो काय किंवा वादळ गेलं काय, त्याला वाऱ्याची थंडी वाजत नाही. हवा दहा तर तो दहा. वारा त्याला दहाचे सहा करून दाखवू शकत नाही, कारण लुटावी अशी ऊब त्याच्याजवळ नाहीच. पिंपळाला नाही, फलकाला नाही, नदीच्या दगडांना नाही. त्या अख्ख्या चौकात वारा बोचून घेण्याइतका श्रीमंत मी एकटाच होतो. मग हेवा ओसरला. दिवा हिरवा झाला तेव्हा मी वेग जरा कमीच ठेवला. तीस. घरी कुणी खोळंबलं नव्हतं, आणि श्रीमंती असली म्हणून ती उधळायची नसते.

दारात आलो, किल्ली काढली. ती कुलपाच्या तोंडाशी जाई आणि घसरे. चारदा प्रयत्न केला. 'मोठा झालास' असं सांगून जिच्या हाती किल्ली द्यावी ती लेक आता बंगळूरला असते. मुकाट बेल दाबली. बायकोनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवायला गेली.

"पेपर कुठे गेला कालचा?" आतून तिनं विचारलं. "त्यात तिळाच्या वड्यांची कृती होती."

मी स्वेटर वर केला आणि पेपर बाहेर काढला. घड्या माझ्या छातीच्या आकाराच्या झाल्या होत्या. पहिल्याच पानावर ठळक मथळा होता, शहर गारठलं, पारा दहावर. मी तो टेबलावर सपाट केला, वरून हात फिरवला. चांगला गरम होता.